साठ तासांची सही आणि न शिजणारी डाळ

आज दुपारी स्टाफरूममध्ये दुसऱ्या वर्षाच्या बेचाळीस फायली तपासायला घेतल्या. कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्ट, म्हणजे साठ तास वस्तीत जाऊन काम करायचं आणि लॉगबुक भरायचं. अकराव्या फायलीशी हात थांबला, कारण तोवरच्या आठ फायलींमध्ये एकच फोटो होता. कॉलेजच्या फाटकासमोर सहा मुली झाडू धरून उभ्या आणि जमिनीवर कचऱ्याचा कपटा नाही. आठही लॉगबुकांत साठ तास एकाच अक्षरात, एकाच निळ्या पेनानं भरलेले.

फोटोतल्या एका मुलीला बोलावलं. बेटा, कुठल्या वस्तीत गेली होतीस? ती सरळ म्हणाली, "मॅम, सगळेच असंच करून राहिले न. तुम्ही फक्त सही करून द्या." शेजारच्या टेबलावरून सहकारी म्हणाले, "मॅडम, साठ तास कोण मोजते? मारून टाका सही."

नाही मारली. मला खरंच संताप आला. सरकारनं दोन क्रेडिट दिले, म्हणजे तीस-तीस तास, की मुलांना गावात, वस्तीत जाऊन शिकता यावं. आणि आपण त्याचा आणखी एक फॉर्म करून टाकला.

पण फायली पिशवीत भरून घरी आणल्या त्या वेगळ्याच कारणानं. मी त्या मुलीला जाता जाता विचारलं होतं, तुमच्या घरी पाणी कुठलं? ती नागपुरात हुडकेश्वरकडच्या एका नव्या लेआउटमध्ये राहते. "बोअरचं, मॅम. पण त्यात डाळ नाही शिजत. आई डाळीपुरती कॅन विकत आणते."

बी.एस्सी. दुसरं वर्ष, केमिस्ट्री. पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मोजायचे, हा प्रयोग या मुलीनं माझ्याच लॅबमध्ये केला आहे, वीसपैकी अठरा मार्क आहेत तिला. आणि घरातल्या कुकरमध्ये रोज जे होतं ते आणि तो प्रयोग एकच आहे, हे तिला कुणी सांगितलं नाही. म्हणजे मीच सांगितलं नाही.

मला तिथल्या तिथे १९९४ चा डिसेंबर आठवला. काटोल तालुक्यातलं एक गाव, एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर. मीही बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला होते. सकाळी श्रमदान, दुपारी सर्वेक्षण, संध्याकाळी स्वच्छतेवर आमची भाषणं. गावात दोन विहिरी होत्या. एक शाळेजवळ, चार पावलांवर, आणि दुसरी नाल्यापलीकडे. बायका डाळीचं पाणी त्या लांबच्या विहिरीवरून आणायच्या. आम्ही शहरातल्या पोरींनी वहीत लिहून टाकलं, "अंधश्रद्धा". मी स्वतः लिहिलं. माझं अक्षर आहे ते.

चौथ्या दिवशी एका आजीनं मला चुलीजवळ बसवलं. "मले काय शिकवतं पोरी? ह्या पाण्यात डाळ टाकून पाह्य. सांजेलोक फुटत नाही." मग तिनं रात्री पाणी उकळून ठेवलेलं गंज, म्हणजे पातेलं, दाखवलं. लांब जाणं झालं नाही की ती जवळच्या विहिरीचं पाणी रात्री खळखळ उकळायची आणि सकाळी वरचं वरचं अलगद काढून घ्यायची. तळाशी पांढरा थर बसलेला. "हे खाली बसते न, मंग थोडी बरी शिजते."

तात्पुरता कठीणपणा उकळल्यानं जातो, कायमचा जात नाही. पाच मार्कांचा प्रश्न. मी तो तोंडपाठ करून पेपरात लिहून आले होते आणि या बाईनं तो हातानं शोधून काढला होता. पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम डाळीच्या पेशींना सांधणारं पेक्टिन घट्ट धरून ठेवतं म्हणून दाणा फुटत नाही, हे मी नंतर वाचलं. कठीण पाणी या शब्दाचा अर्थ मात्र मला त्या चुलीपाशी कळला. तोवर ती फक्त व्याख्या होती.

आणि असं कामातून, लोकांत जाऊन शिकणं आपल्याकडे नवीन आहे का? १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी हातातल्या कामातूनच सगळे विषय शिकवा म्हणून नई तालीम मांडली. १९६९ ला, गांधी शताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत एनएसएस सुरू झालं. ज्या विद्यापीठाच्या पदव्या आपण वाटतो त्याच्या नावात २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आहेत, जे खंजिरी घेऊन गावोगाव फिरले. नाव एवढं मोठं लावायचं आणि झाडूचा एक फोटो आठ फायलींना पुरवायचा!

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं, ती रात्र आपण कुणीच विसरलो नाही. भिंतीभिंतीवर गाळाची रेघ उमटली होती. भूगोलाच्या मुलांनी टेप घेऊन घराघरात ती रेघ मोजली असती तर पुराचा नकाशा त्यांनी जन्मभर लक्षात ठेवला असता. लोकांनी भिंती रंगवल्या. रेघ गेली.

कुणीतरी खाली लिहीलच, म्हणून आधीच सांगते. हो, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला वर्गातल्या तासाचे पैसे मिळतात, वस्तीत घालवलेल्या संध्याकाळचे नाही. सही मारून टाका म्हणणारे ते सहकारी तासिका तत्त्वावरच आहेत आणि त्यांच्याकडे माझ्या दुप्पट मुलं आहेत. आणि प्रत्येक धडा वस्तीत नेऊन शिकवता येत नाही, हेही मान्य. पण म्हणून एकही न्यायचा नाही?

आता रात्रीचे साडेअकरा झालेत. दुपारचा राग तेवढा राहिलेला नाही, कारण त्या आजीची गोष्ट मी अजून पूर्ण सांगितलेली नाही. दरवर्षी पहिल्या तासाला मी ती मुलांना सांगते आणि दरवर्षी पांढऱ्या थराशी थांबते.

त्या दिवशी दोन्ही विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून घेतलं. आजीची सून दोर ओढत होती, मी बाटली धरली होती. आजी म्हणाली, "मंग आता काय करशील?" मी म्हटलं, तपासून सांगते. शिबिर संपलं, आम्ही गाणी म्हणत ट्रकमधून परत आलो. आठवड्यानं कॉलेजच्या लॅबमध्ये ५० मिली पाणी घेतलं, बफर टाकलं, एरिओक्रोम ब्लॅक टी या रंग बदलणाऱ्या सूचकाचे दोन कण. लालभडक वाइनचा रंग आला. ब्युरेटमधून कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडणारं ईडीटीए सोडत राहिले, सोडत राहिले, ते सगळं पकडलं गेल्याची खूण असलेला निळा रंग येईचना. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅम कठीणपणा ठीक मानतात आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. शाळेजवळची विहीर त्याच्याही वर निघाली. नाल्यापलीकडची त्याच्या निम्म्यालाही नव्हती.

आकडा अहवालात गेला. अहवालाला बक्षीस मिळालं. प्रमाणपत्र माझ्या फाइलमध्ये आहे, नोकरीच्या मुलाखतीलाही मी ते दाखवलं. त्या गावात मात्र तो आकडा कुणी सांगितला नाही. मी नाही सांगितला. ज्या बाईनं मला प्रश्न दिला, तिला मी उत्तर दिलं नाही, आणि "अंधश्रद्धा" हा शब्दही वहीतून खोडला नाही.

म्हणून मला सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजबद्दल इतका आदर वाटतो. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी ते सुरू केलं. तिथली प्रत्येक बॅच एक गाव घेते, पहिल्या वर्षाची मुलं गावात मुक्काम करतात, एकेकाकडे काही कुटुंबं असतात, आणि नंतर त्याच घरांत ती पुन्हा पुन्हा जातात. हे पुन्हा जाणं मला कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही आमच्या मुलांनाही शिकवत नाही. त्यांच्या फायली माझ्याकडे येतात, माझ्याकडून कपाटात जातात. झाडूवाल्या आठ फायली खोट्या आहेत, पण माझी खरी फाइल तरी कुणाच्या कामी आली?

मघाशी त्या मुलीला मेसेज केला. सोमवारी लॅब दोनला मोकळी आहे. प्लॅस्टिकच्या बाटल्या स्वच्छ धुऊन आण, भरण्याआधी त्याच पाण्यानं तीनदा विसळ. बाटलीवर घराचा नंबर आणि बोअर किती फूट ते लिही. मैत्रिणींनाही आण, फोटोतल्या सगळ्यांना. आकडे आले की आधी लेआउटमधल्या बायकांना जमवून सांगायचे, तुझी आई विचारेल त्याची उत्तरं तू द्यायची. सही त्यानंतर.

तिचं उत्तर आलं: "मॅम आमच्या लाइनीत बावीस घरं आहेत. सगळ्यांचं आणू का?"

आण म्हटलं.

आणि रविवारी मी काटोलची सकाळची बस पकडणार आहे. आजी आता नसणार. सून असेल, साठीच्या पुढची. शाळेजवळची ती विहीर अजून आहे की बुजवली, तेही बघायचंय. जुना अहवाल कपाटातून काढून ठेवलाय. त्या भागातलं कुणी माझ्या यादीत असेल तर इनबॉक्समध्ये लिहा, स्टँडवरून गावात जायला काही मिळतं का आजकाल?