घरातल्या बाईला पेटीचं खूळ लागलंय? हे करून पाहा

शिवणकाम चालतं भो. बागकामही चालतं. म्हणजे बाई मशीनवर बसली की ब्लाउज निघतो, उशीचे अभ्रे निघतात, कुंड्यांपाशी गेली तर कढीपत्ता येतो, गवती चहा येतो, गल्लीत चार जणींना वाटताही येतो. पण पेटी? तासभर सा रे ग प ध सां करून ताटात काय पडलं, तर काहीच नाही, ना फोडणीत टाकता येतं ना अंगात घालता येतं. तेव्हा तुमच्या घरात वहिनी, मम्मी, सून, कोणालाही चाळिशीत अचानक संगीत शिकायची हुक्की आली असेल तर घाबरू नका, जळगाव-भुसावळपासून अमळनेरपर्यंत घरोघरी चालणारे उपाय आहेत. फक्त सरळ 'नको शिकू' असं कधी म्हणायचं नाही, आपण काय जुन्या विचारांचे आहोत का.

पहिलं म्हणजे शास्त्र आपल्या बाजूनं आहे. क्लासला सुरुवातीला भूप नाहीतर यमन राग शिकवतात आणि दोघांची वेळ कोणती, तर रात्रीचा पहिला प्रहर, सहा ते नऊ, म्हणजे बरोब्बर कळण्याच्या भाकरीची वेळ! ज्यांनी ही वेळ ठरवली त्यांना भाकरी आयती मिळत असणार, पण आपल्याला काय, आपलं काम झालं. तिनं भाता उघडला की लगेच बोलू नका. पाच मिनिटं जाऊ द्या, बोटं जरा पट्ट्यांवर बसू द्या, आरोह न अडखळता वरच्या सा पर्यंत गेला की मग आतून आवाज द्या, "अगं, मिरच्या कुठंयत?" मिरच्या कुठं आहेत ते तुम्हाला माहितीये. तरी विचारायचं. ती तिथूनच म्हणेल "फ्रिजमधी खाली", तर तुम्ही म्हणायचं "दिसत नाही ना". ती उठेल. भाता मिटवून, खटका लावून, पेटीवर फडकं टाकून उठेल, आणि एकदा फडकं पडलं की त्या दिवसाचा भूप संपला.

सकाळी भैरव घेते म्हणाली तर घेऊ द्या. नळ सकाळीच येतात, आणि चार दिवसाआड येणारं पाणी काही भैरवासाठी थांबत नाही.

भूपात मध्यम आणि निषाद (म आणि नि) हे दोन स्वर वर्ज्य असतात हे ती जेवताना कौतुकानं सांगेल. तेव्हा नणंदेनं म्हणायचं, "मग बाकीचे पाच पण सोडून द्यायचे ना". सासूबाईंना काही शिकवायची गरज नाही, त्या दारातूनच "काय रें रें करी ऱ्हायनी व माय?" एवढं विचारतात, तेवढं पुरतं.

तरी ऐकत नसेल तर तिच्याच दुसऱ्या छंदांना कामाला लावा. गल्लीत सांगून टाका की आमच्याकडे फॉल-पिको होतं. पैसे? घरच्याच माणसांकडून कोणी पैसे घेतं का. पोरानं जीन्स आणून टाकायची, "मम्मी, एवढी खालून मार ना, पाच मिनिटाचं काम". मशीनला ब्लाउजची 11 नंबरची बारीक सुई असणार, जीन्सच्या जाड शिवणीवर ती कडकन तुटते, 16 ची लावायला पाहिजे, पण हे तिला माहीत आहे आणि तुम्हाला नाही, म्हणून घाई तुम्ही करायची. सुई तुटली की "राहू दे, टेलरकडेच टाकतो" म्हणायचं, थोडा उसासा सोडायचा. पुढचा आठवडाभर ती पेटीऐवजी मशीनवर बसते.

कुंड्यांचं सोपं आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास, तिनं मोगऱ्यावर हिरवी नेट बांधलेली असते, ती सोडायची, कारण नेटच्या सावलीत बिबडे, म्हणजे आपले ज्वारीचे पापड, वाळत नाहीत. उरलेला चहा साखरेसकट कुंडीत ओतायचा, 'खत आहे' म्हणायचं, मुंग्या आपोआप येतात. काळी माती दोन दिवसात भेगाळते, मोगरा माना टाकतो, मग संध्याकाळी ती तांब्या घेऊन गच्चीवर असते. संध्याकाळी, लक्षात घ्या. पहिला प्रहर.

एक काळजी मात्र घ्या, पेटी विकू नका. श्रावणात आपली खान्देशची देवी कानबाई बसते, रोटांचा नैवेद्य असतो, चाळीसगावचे, धुळ्याचे पाहुणे भरपूर जमतात, तेव्हा "आमच्या सूनबाई पेटी वाजवतात बरं का" असं सांगायला ती लागते. वर्षभरात तिला रियाझाला बसू दिलेलं नसल्यामुळं तिचे सूर तिथं चुकतील, तेव्हा पाहुण्यांकडे बघून हसायचं आणि म्हणायचं, "नवीन आहे अजून."

एवढं सगळं करूनही काही बाया चिवट निघतात. त्या दुपारी सगळे झोपल्यावर कूलरच्या आवाजाआड पट्ट्या दाबत बसतात, गुपचूप गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेचा फॉर्म भरतात आणि पास होऊन येतात. मग डाव बदलायचा. फॅमिली ग्रुपवर सर्टिफिकेटचा फोटो तुम्हीच टाकायचा, खाली 'घरच्यांचा फुल सपोर्ट' लिहायचं, गल्लीत पेढे तुमच्या हातानं वाटायचे. आणायला मात्र तिलाच पाठवा, येताना अर्धा मीटर अस्तर घेऊन येईल.