फवाऱ्यातून वीज येत नाही

गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: स्वस्त पारदर्शक वीजवाहक कोटिंगचा शोध लागलाय, ते खिडकीच्या काचेवर घरीच फवारलं की काच वीज तयार करते. छतावरची पॅनेल आता भंगारात जाणार, तेव्हा सोलर बसवू नका. नाहीतरी पॅनेलना लागणारं इंडियम (एक धातू) संपत आलंय. आणि मोठ्या कंपन्या हे सगळं दाबून ठेवतायत. खाली ‘दहा जणांना पाठवा’ हे ओघाने आलंच.

मेसेजमधला जवळजवळ प्रत्येक शब्द खऱ्या संशोधनातून उचललेला आहे. फक्त जोडणी चुकीची आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘कोटिंगमुळे काच वीज तयार करते.’

साफ चूक. सोलर सेलमध्ये वीज तयार होते ती प्रकाश शोषणाऱ्या थरात. तो थर सिलिकॉनचा असेल, कॅडमियम टेल्युराइडचा असेल किंवा पेरोव्स्काइटचा. पारदर्शक वाहक थराचं काम एवढंच, की ऊन आत जाऊ द्यायचं आणि आत तयार झालेली वीज गोळा करून बाहेर काढायची. बाग वेगळी आणि द्राक्षं बाजार समितीत नेणारा रस्ता वेगळा. रस्ता कितीही गुळगुळीत केला तरी त्याला घड लागत नाहीत.

शोधही काही कालपरवाचा नाही. १९०७ साली कार्ल बेडेकर यांनी (आडनाव आपल्याकडचं वाटलं तरी गृहस्थ जर्मन) कॅडमियम ऑक्साइडचा असा थर बनवला होता. आज मोबाइलच्या टचस्क्रीनमध्ये इंडियम टिन ऑक्साइडचा थर असतो. त्यावर आपण दिवसभर बोटं फिरवतो, पण तेवढ्याने फोन चार्ज झालेला कोणी पाहिलेला नाही.

फ्लोरिन मिसळलेल्या टिन ऑक्साइडचा असाच लेप दिलेली काच प्रयोगशाळांना विकत मिळते. दिसायला साधी काच, कुठल्या बाजूला लेप आहे ते नुसतं बघून कळत नाही. मल्टिमीटरच्या दोन्ही पिना टेकवल्या की एका बाजूला मोजके ओहम दिसतात, म्हणजे तिथून वीज वाहते; काच उलटी केली की वाहतच नाही. हीच काच दुपारच्या उन्हात ठेवून व्होल्टेज मोजलं, तर हाती शून्य येतं.

‘घरच्या घरी फवारता येतं.’

फवारण्याची पद्धत मात्र खरी आहे. तिला स्प्रे पायरोलिसिस म्हणतात आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात तिच्यावर बरीच वर्षं काम झालं आहे. टिन क्लोराइडच्या द्रावणात अमोनियम फ्लोराइड घालून बारीक तुषार काचेवर सोडतात. मेसेजने गाळलेला भाग असा, की त्या वेळी काच ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला तापलेली असते. त्या उष्णतेत क्लोराइड मोडून ऑक्साइड तयार होतं. थंड खिडकीवर हेच मारलं तर पांढरट डाग उरतील, पुसायला ओलं फडकं पुरेल. तापलेल्या काचेवर फवारा जरा जोरात गेला तर काच तडकते, आणि निघणारी आम्लाची वाफ नाकाडोळ्यांना झोंबते. हे काम बाल्कनीतलं नव्हे.

‘स्वस्त’ हा शब्दही इथेच अडतो. थर जाड केला तर वीज सहज वाहते पण उजेड अडतो. पातळ केला तर उलटं. वीज वाहावी म्हणून इलेक्ट्रॉन वाढवले, तर ते उन्हातला अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) भाग गिळू लागतात, आणि सिलिकॉनला तर तोही भाग हवा असतो. ॲल्युमिनियम मिसळलेलं झिंक ऑक्साइड स्वस्त आहे, पण दमट हवेत बिघडतं. चांदीच्या अतिसूक्ष्म तारांचा थर वाकतो, तुटत नाही, पण त्या तारांना हवेतलं गंधक खातं. संशोधक या तिढ्यावर अनेक वर्षं काम करताहेत ते उगाच नाही.

‘इंडियम संपत आलंय.’

इंडियम दुर्मीळ आहे. त्याच्या स्वतंत्र खाणी जवळपास नाहीतच, ते जस्त शुद्ध करताना हाती लागतं, म्हणून त्याला पर्याय शोधणं शहाणपणाचं आहे. पण छतावरच्या नेहमीच्या मोनो पर्क जातीच्या सिलिकॉन पॅनेलमध्ये इंडियम नसतंच! तिथे वीज गोळा करायला चांदीच्या बारीक रेघा असतात, जवळून पाहिलं तर दिसतात. इंडियमचा थर हेटरोजंक्शन जातीच्या पॅनेलना लागतो.

‘कंपन्या दाबून ठेवतात.’

फर्स्ट सोलर या अमेरिकी कंपनीची कॅडमियम टेल्युराइड पॅनेल अशाच लेप दिलेल्या काचेवर बनतात. २०२४ च्या जानेवारीत तमिळनाडूत त्यांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. याला दाबणं म्हणत असतील तर काय बोलायचं.

‘छतावरचं सोलर नको, खिडकी बघा.’

समजा, उद्या वीज देणारी खरीखुरी पारदर्शक खिडकी मिळाली. दिसणारा उजेड घरात सोडायचा असल्याने तिची कार्यक्षमता कमीच राहणार. ५ टक्के धरा. भर उन्हात एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट पडतात, म्हणजे हाती आले ५० वॅट. जुना पंखा ७५ वॅट घेतो. शिवाय नाशिक जवळजवळ २० अक्षांशावर आहे. मेच्या उत्तरार्धात शून्य सावलीच्या दिवशी दुपारी सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा उभ्या खिडकीवर थेट ऊन पडतच नाही. पंखे मात्र त्याच दुपारी सगळ्यात जास्त चालतात. छतावरचा एक किलोवॅट त्याच उन्हात दिवसाला साधारण चार युनिट देतो, आणि पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. कोटिंग स्वस्त होईपर्यंत थांबण्यातही अर्थ नाही, कारण ज्यात ते कोटिंगच नाही त्या पॅनेलची किंमत त्याने उतरणार कशी?

आणखी एक. ‘नॅनो कोटिंग’ म्हणून पॅनेलवर मारायला जे विकतात, ते धूळ आणि पाणी चिकटू नये यासाठी असतं. त्याचा या वीजवाहक थराशी संबंध नाही. घ्यायचं झालं तर आधी पॅनेलच्या वॉरंटीच्या अटी वाचा. काचेवर परस्पर काही लावलेलं कंपनीला चालतं की नाही, ते तिथे कळेल.