६१ जीबीचा भाडेकरू

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मराठी गृहस्थाची जागा माळ्यावर असते. त्या रविवारी सकाळी साडेदहा वाजता मीही घडीच्या शिडीच्या वरून दुसऱ्या पायरीवर, डोक्याला पंचा गुंडाळून, पंधरा वर्षे कोणीही न उघडलेल्या खोक्यांचे निरीक्षण करत उभा होतो, आणि खाली शिडी धरून उभी असलेली पत्नी प्रत्येक खोक्याबद्दल एकच प्रश्न विचारत होती : "अहो, हे आपल्याला लागतं का?" या प्रश्नाचे माझे उत्तर ठरलेले आहे. "असू दे, लागेल कधी तरी," या तत्त्वावर आमच्या माळ्यावर तीन मिक्सरची खोकी, एक बिनझाकणाचा कुकर आणि कुकराचे नसलेले एक झाकण अशी संपत्ती जमा झाली आहे. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. माझ्या हाताखाली सहा महिन्यांपूर्वी रुजू झालेला मुलगा बोलत होता. "सर, सर्व्हरची डिस्क फुल्ल झाली आहे," तो म्हणाला, आणि मी एक पायरी उतरलो. "पण काळजी करू नका, मी एक मोठी फाईल उडवली आहे," असे त्याने पुढे म्हणताच उरलेल्या सर्व पायऱ्या मी एकदम उतरलो.

मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचे काम ज्यांवर चालते ते सामायिक संगणक, सांभाळतो. हे काम म्हणजे नेमके काय, ते नातेवाइकांना समजावून सांगण्याचा नाद मी सोडून दिला आहे, कारण लग्नकार्यात दहा मिनिटे शांतपणे ऐकून घेणारे काका शेवटी आपला बंद पडलेला प्रिंटर कधी आणून देऊ असेच विचारतात. ज्यांना थोडे अधिक कळते त्यांची अशी समजूत असते की सर्व्हर हे रशियातल्या कुणा हॅकरच्या हल्ल्याने किंवा तशाच काही भारदस्त कारणाने बंद पडतात. माझा अनुभव असा की सर्व्हर अतिशय घरगुती कारणांनी बंद पडतात, आणि त्यांतले सर्वांत घरगुती कारण म्हणजे जागा संपणे.

जेवणाच्या टेबलावरचा सोऱ्या आणि चकलीच्या भाजणीचा डबा बाजूला सरकवून मी लॅपटॉप उघडला व सर्व्हरमध्ये प्रवेश केला. डिस्क भरलेल्या सर्व्हरचे वागणे पाहण्यासारखे असते. फाईलचे लांबलचक नाव पूर्ण टाइप करायचा कंटाळा म्हणून सवयीने टॅबची कळ दाबली, तर बॅश महाशयांनी, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा ऐकून घेणाऱ्या प्रोग्रॅमने, नाव पुरे करून देण्याऐवजी मलाच ऐकवले की त्यांना एक तात्पुरती फाईल लिहायची होती आणि डिस्कवर जागा शिल्लक नाही. दोन शब्द पुरे करायलासुद्धा ज्याला कागद लागतो अशा कारकुनासारखी ही अवस्था होती. आमच्याकडचा डेटाबेस तर या प्रसंगी स्थितप्रज्ञ होतो. जागा संपली की तो पडत नाही, ओरडत नाही. लिहिण्याचे काम हातात तसेच धरून दर मिनिटाला जागा झाली का ते डोकावून पाहतो, आणि दर दहा मिनिटांनी 'डिस्क भरली आहे' अशी नोंद आपल्या लॉगमध्ये, म्हणजे रोजनिशीत, करतो. तो लॉग त्याच भरलेल्या डिस्कवर असतो.

खरे तर अशा वेळी उपयोगी पडावी म्हणून आमचे सर्व्हर ज्या प्रणालीवर चालतात त्या लिनक्समधील ईएक्सटी-४ ही फाईल-व्यवस्था एकूण जागेपैकी ५ टक्के जागा मुळातच रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्यासाठी राखून ठेवते, म्हणजे बाकीच्यांची जागा संपली तरी मालकाला आत येऊन झाडलोट करता यावी. ही फार शहाणपणाची योजना आहे. परंतु आमचे सॉफ्टवेअर ज्या कुणी प्रथम बसवले, त्याने परवानग्यांची कटकट नको म्हणून ते थेट रूटच्याच नावाने चालू केले होते, त्यामुळे ती राखीव जागाही त्याने निःसंकोचपणे फस्त केली होती. "ज्या कुणी" असे मी मोघमपणे लिहिले असले, तरी ते २०१६ साली मीच केले होते.

आता मुख्य तक्रारीकडे येतो. मुलाने 'आरएम' ही आज्ञा देऊन ६१ जीबीची एक लॉग फाईल उडवली होती आणि तरीही जागा झाली नव्हती. युनिक्समध्ये, म्हणजे लिनक्स ज्या घराण्यातले त्या जुन्या प्रणालीत, जागेचा हिशेब सांगणाऱ्या दोन आज्ञा आहेत. 'डीएफ' ही डिस्कला विचारते की तुझ्याकडे मोकळे किती आहे. 'डीयू' ही एकेका फोल्डरमध्ये जाऊन दिसतील त्या फाईली मोजते. डीएफ सांगत होती की १०० जीबीची डिस्क १०० टक्के भरलेली आहे. डीयूने सगळी मोजदाद करून ३७ जीबीचा आकडा दिला. सख्ख्या जावांनी एकाच दिवाळीच्या खर्चाचे दोन हिशेब द्यावेत आणि दोघीही खऱ्या असाव्यात, तसे हे होते.

"सर, डिस्क खराब झाली असेल का?" मुलाने विचारले.

"नाही," मी म्हणालो. "भाडेकरू आत आहे."

हे मी त्याला नंतर जसे समजावले तसेच येथे लिहितो. पुण्या-मुंबईच्या जुन्या वाड्यांत आणि चाळींत दारावर नावाची पाटी असते आणि आत खोली असते. युनिक्समध्ये फाईलचे नाव हे फाईलमध्ये नसते, ते फोल्डरमध्ये असते. नाव म्हणजे नुसती पाटी आणि त्या पाटीवर लिहिलेला खोली क्रमांक, ज्याला आयनोड म्हणतात. आरएम ही आज्ञा पाटी काढते, खोली रिकामी करत नाही. म्हणून तर तिच्यामागे जी खरी सिस्टीम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने मूळ प्रणालीला केलेली विनंती, आहे तिचे नाव 'पुसा' असे नसून 'अनलिंक' असे आहे. एकाच खोलीला दोन-तीन पाट्याही असू शकतात. शेवटची पाटी निघाली आणि आतमध्ये कोणीही उरले नाही, तरच खोली मालकाच्या ताब्यात येते. आमचे सॉफ्टवेअर त्या लॉग फाईलमध्ये ठाण मांडून बसले होते. दारावरची पाटी गेली, दप्तरातून नाव गेले, बाहेरून पाहणाऱ्या डीयूला दारच दिसेना. पण आत पागडीचा भाडेकरू खुशाल बसून होता आणि, ज्या गोष्टीने मला खरा संताप आला ती म्हणजे, अजूनही लिहीत होता.

विंडोजमध्ये असे सहसा होत नाही, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. तेथे उघडी असलेली फाईल काढायला गेले की ती सोसायटीच्या वॉचमनसारखी आडवी येते आणि दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये ही उघडी आहे, आधी तो बंद करा, असे बजावते. कोणता प्रोग्रॅम, हे अनेकदा सांगत नाही, ही वॉचमनचीच तऱ्हा. युनिक्स अशा वेळी वाद घालत नाही, प्रश्न विचारत नाही, 'झाले' असेसुद्धा म्हणत नाही. निमूटपणे पाटी काढून तुमच्या हातात देते. या दोन स्वभावांपैकी कोणता चांगला, याचे माझे मत आठवड्यात साधारण दोनदा बदलते.

'रिमूव्ह'चे आरएम इतके लहान का, याचे उत्तर १९७० च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये आहे. केन टॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी युनिक्स घडवत होते तेव्हा त्यांच्यासमोर पडदे नव्हते, टेलीटाइप यंत्रे होती. मॉडेल ३३ नावाचे असे यंत्र सेकंदाला १० अक्षरे खडखडवत कागदावर उमटवी आणि त्याच्या कळा बोटे दुखेपर्यंत दाबाव्या लागत. तेव्हा वाचवलेल्या त्या दोन-चार अक्षरांचे व्याज आमची पिढी अजून फेडत आहे, कारण 'हे कायमचे नष्ट करण्याची माझी इच्छा आहे' एवढे टाइप करावे लागले असते, तर तेवढ्या वेळात पुष्कळांना सुबुद्धी झाली असती. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री प्रोग्रॅमरांचे कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या प्रसिद्ध कंपनीच्या एका दमलेल्या अभियंत्याने हीच आज्ञा चुकीच्या सर्व्हरवर दिली. चूक ध्यानात येऊन त्याने ती थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीच्या डेटाबेसपैकी साडेचार जीबीच उरला होता, आणि मग असेही आढळले की बॅकअपच्या पाच निरनिराळ्या पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती. त्या कंपनीने ही सर्व हकिकत स्वतःहून प्रसिद्ध केली, याबद्दल मला तिच्याविषयी आदर वाटतो. तेव्हापासून मी आरएम लिहिल्यावर एंटर दाबण्यापूर्वी कोणत्या यंत्रावर आहोत ते मोठ्याने वाचतो. घरचे लोक याला माझी संध्या म्हणतात.

भाडेकरू शोधण्याचे साधन 'एलएसओएफ' हे आहे. उघड्या फाईलींची यादी देणारी ही आज्ञा, ज्यांची पाटी निघाली आहे अशांच्या पुढे 'डिलीटेड' असा शेरा मारते. यादीत आमचे सॉफ्टवेअर ६१ जीबीसह दिमाखात हजर होते. आता ते बंद करून चालू केले असते तर जागा क्षणात मोकळी झाली असती. पण महिनाअखेर असल्याने रविवार असूनही लेखा विभागातल्या बाई कामावर बसल्या होत्या, आणि त्यांच्या चालू नोंदी अर्ध्यात तोडण्यापेक्षा मी पुन्हा माळ्यावर चढणे पसंत केले असते. म्हणून दुसरा मार्ग धरला. लिनक्स प्रत्येक चालू प्रोग्रॅमच्या उघड्या फाईली '/प्रॉक' या फोल्डरखाली क्रमांकाने दाखवते. त्या मागच्या दाराने आत जाऊन मी भाडेकरूला हात न लावता त्याच्या खोलीतले सामान शून्यावर आणले. डीएफ पुन्हा चालवली. १०० टक्क्यांचे ३९ टक्के झाले. डेटाबेसने पुढच्या मिनिटाला डोकावून पाहिले आणि जणू काही घडलेच नाही अशा थाटात हातातले लिखाण पुढे चालू केले.

"आता एवढा लॉग झालाच कसा ते सांग," मी मुलाला म्हणालो.

फोनवर बरीच शांतता पसरली. गुरुवारी एका ग्राहकाची तक्रार तपासताना त्याने "जरा बघायला" म्हणून डीबग चालू केले होते. डीबग म्हणजे प्रोग्रॅमने आपल्या मनात येईल ते सर्व बोलून दाखवणे. ते बंद करायचे राहून गेले आणि चार दिवस आमचे सॉफ्टवेअर, प्रवासात शेजारी बसलेल्या निवृत्त माणसासारखे, कोणी ऐकत नसताना अखंड बोलत राहिले. त्याला आवर घालायला 'लॉगरोटेट' आहेच. ते जुने लॉग ठरावीक दिवसांनी बाजूला सारते आणि शिळे झालेले टाकून देते. पण ज्या फाईलींची नावे त्याला कळवली असतील तेवढ्याच. ही फाईल कळवायची राहिली होती. ती कळवणे कोणाचे काम होते, या प्रश्नावर आम्ही दोघांनीही समंजसपणे विषय बदलला.

विषय बदलला तो सिस्टमडीवर, म्हणजे लिनक्स सुरू करून त्यावरचे प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या व्यवस्थेवर, गेला. २०१० साली आलेल्या या सिस्टमडीवरून आमच्या व्यवसायात जे रण माजले, त्यात मीही विरोधी गोटात होतो. लिनक्सच्या डेबियन या वाणाने ते आपल्या आठव्या, २०१५ साली आलेल्या आवृत्तीसाठी स्वीकारायचे ठरवले तेव्हा काही मंडळींनी रागावून देवुआन नावाची वेगळी चूलही मांडली. मी ती बातमी वाचून मनोमन पुष्पवृष्टी केली आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने सिस्टमडी शिकायला घेतले. आता मला ते आवडते, आणि कारण तात्त्विक नाही : त्याचे जर्नल स्वतःहून डिस्कच्या १० टक्क्यांपलीकडे आणि फार तर ४ जीबीपलीकडे वाढत नाही. आपले पोट भरले हे ज्याला स्वतःला कळते असा लॉग मी दुसरा पाहिलेला नाही. संपादकांच्या, म्हणजे फाईलीतला मजकूर लिहिण्या-बदलण्याच्या प्रोग्रॅमांच्या, भांडणाबाबतही माझे असेच झाले आहे. व्हीआय श्रेष्ठ की ईमॅक्स, यावर तरुणपणी मी रात्री जागवल्या. आता माझे मत एवढेच आहे की पहाटे तीन वाजता, अनोळखी सर्व्हरवर, जो आधीपासून तेथे असतो तो संपादक श्रेष्ठ, आणि तो बहुधा व्हीआयच असतो. लिनक्सच्या वाणांपैकी उबुंटू घ्यावे की डेबियन की रेड हॅट, असे मुलगा मला रुजू झाल्या दिवशी विचारत होता. जे घ्याल ते सगळ्या सर्व्हरवर एकच घ्या, असे मी सांगितले तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. त्याला काही तरी झणझणीत मत हवे होते.

सायंकाळी सामसूम झाल्यावर मी एक शेवटचे काम केले. आमची आजी गव्हाच्या डब्यात तळाशी फडक्यात बांधून पैसे ठेवत असे; घरात कोणाला ते माहीत नसे आणि अडल्या वेळी तेच उपयोगी पडत. तशी मी सर्व्हरवर ५ जीबीची एक फाईल करून ठेवली. तिच्यात काहीही नाही, नुसती शून्ये आहेत. पुन्हा कधी डिस्क गळ्यापर्यंत आली, तर ही फाईल काढावी आणि श्वास घ्यायला उसंत मिळवावी, एवढाच तिचा उपयोग. आजीचा शिरस्ता पाळून मी ती कोणालाही सांगितली नाही, आणि मग हात झटकून माळ्याकडे वळलो, तर पत्नीने मधल्या काळात शेजाऱ्यांच्या मुलाला शिडीवर चढवून सर्व खोकी भंगारवाल्याला देऊन टाकली होती. तिला फार तर अर्धा तास लागला होता. कुकराचे झाकणही गेले.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेलो, तर मुलगा दारातच उभा होता. त्याचा चेहरा उजळलेला होता. सुटीत त्याने माझ्या सांगण्यावरून डीबग बंद असल्याची दोनदा खात्री केली होती, लॉगरोटेटमध्ये सर्व फाईलींची नावे घातली होती आणि शिवाय, आपण होऊन, सर्व्हरचा कानाकोपरा तपासला होता.

"सर, एक पाच जीबीची फाईल सापडली," तो म्हणाला. "कुठलाच प्रोग्रॅम वापरत नव्हता, मी आधी एलएसओएफने बघितलं. उघडून पाहिली तर आत काहीच नाही, नुसती शून्यं. उडवून टाकली!"