पाव इंची आटे आणि टेफ्लॉन टेप

टेफ्लॉन टेप! नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप मी ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुकीच्या निपलला (केप, म्हणजे ठिणगी देणारी टोपी, जिच्यावर बसते ती आट्यांची छोटी नळी) गुंडाळायची. हे मला कोणा ऐऱ्यागैऱ्याने सांगितलेलं नाही. बंदूक दुरुस्तीचं लायसन काचेच्या फ्रेममध्ये लावून बसलेल्या दुकानदाराने काल संध्याकाळी फोनवर सांगितलं. “पावणं, दोन वेढे गुंडाळा की, घट्ट बसतंय बघा.” म्हटलं, बार उडाला आणि निपल निघून डोळ्यात आलं तर? तर म्हणतो, “दारू जरा कमी भरायची.” मी फोन आपटला. आई आतून विचारायला आली काय झालं म्हणून, तिच्यावरही ओरडलो. तिचा काय दोष होता?

सकाळच्या एसटीने आंबोली घाट चढून कोल्हापूरला गेलो होतो मी या माणसाकडे. काजूची साफसफाई सोडून, एक दिवसाची मजुरी बुडवून. बंदूक सोबत नेता येत नाही, माझ्या परवान्याची हद्द जिल्ह्यापुरती. म्हणून जुनं निपल काढून औषधाच्या डबीत कापसात ठेवलं आणि परवान्याची झेरॉक्स घेतली. गेल्या गेल्या सांगितलं, आटे पाव इंची आहेत, मोजून द्या. व्हर्निअर, बारीक मापं घ्यायचं हत्यार, त्याच्या टेबलावर पेनांच्या डब्यात उभा होता. मला दिसत होता! त्याने हात लावला नाही. ड्रॉवरमधून एक निपल काढलं, दोन्ही चिमटीत धरून ट्यूबलाइटकडे बघितलं, “सेम टू सेम” म्हणाला आणि साडेतीनशे रुपये घेतले. बिल मागितलं तर माझ्याकडे असा बघायला लागला जणू मी त्याच्या घरावर धाड घालायला आलोय.

रात्री पडवीत बसून लावून बघितलं. दोन फेरे गेलं आणि पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखं हलायला लागलं. बाजूच्या मोटर रिवाइंडिंगवाल्याचा व्हर्निअर आणून मोजलं. सहा मिलिमीटर. पाव इंच म्हणजे ६.३५. पस्तीस शतांशाचा फरक, आणि पुढ्यात दारूचा स्फोट, आणि तिथून वीतभर अंतरावर माझा चेहरा. हा फरक टेपने भरायचा!

जुनंच चालवा, असंही सांगणारे आहेत. त्याचं भोक जळून जळून इतकं मोठं झालंय की बार उडाला की धग उलटी येते, घोडा मागे उचलतो आणि केपचे तुकडे उडतात. गेल्या वर्षी भुवई भाजली आहे माझी. चालवा म्हणणाऱ्यांनी एकदा गाल लावून उडवून दाखवावी.

माझं डोकं सगळ्यात जास्त कशाने फिरतं, तर या बंदुकीचं नाव खुद्द कायद्यात आहे. १९५९चा शस्त्र कायदा, कलम १३. पिकाच्या संरक्षणासाठी खरोखर हवी असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असं तिचं नाव घेऊन लिहिलंय. म्हणजे शेतकऱ्याने हीच वापरावी हे सरकारनेच ठरवलं. बरं, वापरतो. मग तिचं करंगळीच्या पेराएवढं निपल कुठे मिळणार, हे कोण सांगणार? त्याच कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच. दुरुस्ती करायलाही लायसन लागतं, ते कलम ५. आमच्या गावचा लोहार पावसाळ्याआधी कोयत्या पाजवतो, पंपाच्या शाफ्टला आटे पाडून देतो. त्याच्या लेथवर हे अर्ध्या तासाचं काम आहे. त्याने हात जोडले. “नको रे बाबा, पोलीस माका उचलतले.” त्याचं बरोबर आहे आणि मीही त्याला सांगणार नाही. पण मग नियम पाळणाऱ्याने जायचं कुठे?

बिहारमधल्या मुंगेरला फोन लावला होता. तिथे पिढ्यान्‌पिढ्या परवान्याने बंदुका बनवतात म्हणून आशेने लावला. तिसऱ्या दिवशी एकाने उचलला. बारा बोअरचं बोला म्हणाला, ठासणीचं सामान ठेवत नाही. दुसऱ्या एका दुकानात म्हणाले, अख्खी नवीन बंदूक घ्या. अहो, निपल मागतोय मी! सायकलची ट्यूब मागायला गेलेल्या माणसाला कोणी ट्रॅक्टर दाखवतं का? आणि नवीन घ्यायची तर परवान्यावर नोंद, जुनीचं काय केलं त्याचा कागद, पुन्हा कलेक्टर कचेरी. त्या कचेरीतल्या टेबलांची नावं माझ्या मुलाला पाढ्यासारखी पाठ झालीत.

शिवाय ही आजोबांची बंदूक आहे. दस्ता त्यांनी स्वतः तासून बसवलेला, सागाचा, जिथे गाल टेकतो तिथे काळा पडून गुळगुळीत झालेला. हाताने बनवलेल्या या बंदुका, एकीचा घोडा दुसरीला बसत नाही, कमान बसत नाही, चापाची पिनसुद्धा बसत नाही. म्हणूनच मोजून द्यायचं असतं. म्हणूनच व्हर्निअर असतो टेबलावर!

आणि गजाचं, नळीत दारू ठासायच्या दांड्याचं, तर विसरलोच नाही मी. २०२४ला लोकसभेला आचारसंहिता लागली, बंदूक ठाण्यात जमा. सुटली, तर १५ ऑक्टोबरला विधानसभेची लागली, परत जमा. ऑक्टोबर! भात पिवळं पडलेलं, रात्री डुकरांचा कळप बांधावर उभा आणि पीक राखायला दिलेली बंदूक मालखान्यात. सूट मिळावी म्हणून अर्ज दिला होता, पोच घेतली होती. उत्तर अजून यायचंय. दोन कुणगे (भाताची खाचरं) डुकरांनी असे लोळवले की कापायलाही काही उरलं नाही. निकालानंतर बंदूक आणायला गेलो तर नळीला बाहेरून गंज आणि गज गायब. ठासणीची बंदूक गजाशिवाय! विचारलं तर म्हणे, “काठीच होती ना ती? तोडून घ्या रानातून.” ज्याच्या कमरेला सरकारी पिस्तूल आहे तो हे बोलतो.

बिगरपरवान्याच्या बंदुका पकडल्याची बातमी जिल्ह्यात दर थोड्या दिवसांनी येतेच. त्यांना निपल कुठून मिळतं? त्यांना केप कुठून मिळतात? मला केपच्या एका डबीसाठी परवाना दाखवून रजिस्टरात सही करावी लागते, ती मी आनंदाने करतो. तिकडे कर्नाटकात कोडगूत कोडवा समाजाला परवान्यातूनच सूट आहे, २०१९ला ती आणखी दहा वर्षं वाढवून दिली. मला सूट नको. नियम हवेत तेवढे लावा, पण नियमाने चालणाऱ्याला एक निपल मिळण्याची सोय करा.

आता कोणी सांगू नका की कुंपणाच्या तारेत वीज सोडणारं झटका मशीन लाव. लावलंय. वानराला तारेखालून जायचं नसतं, तो माडावरून माडावर जातो. फटाके लावले, चार दिवसांत सवय झाली त्याला. आणि ते रिसॉर्टवाले तर माझ्या दारात येऊच नयेत. “अँटिक पीस आहे, भिंतीवर मस्त दिसेल, किती घ्याल?” अहो, परवान्यावरची चालती बंदूक आहे ती, तुमच्या गिऱ्हाइकांनी खाली उभं राहून फोटो काढायची वस्तू नाही.

काल रात्री साडेबाराला केळीच्या बाजूने आवाज आला. बंदूक पडवीत टेबलावर, निपल काढलेली, भोकात चिंधी घातलेली. मी पत्र्याचा डबा आणि कोयता घेऊन गेलो आणि तीन वाजेपर्यंत डबा वाजवत बसलो. सकाळी मोजल्या, अकरा केळी आडव्या.

सोमवारी जिल्ह्याबाहेर बंदूक न्यायच्या परवानगीसाठी अर्ज देतोय. मिळाली की बंदूकच नेऊन त्याच्या टेबलावर ठेवणार, आणि तो व्हर्निअर मीच उचलून त्याच्या हातात देणार.