गव्हर्नरसाहेबांनी आमचे पणजोबा नेमके कुठे छापले?

मुंबई इलाख्याचं जुनं सरकारी गॅझेट वाचणं ही शिक्षा आहे आणि ती मला सासूबाईंनी ठोठावली. सासऱ्यांचे आजोबा म्हणे गॅझेटेड होते, म्हणजे ज्यांची नेमणूक या गॅझेटात छापून यायची असे अधिकारी. कुणी डेप्युटी कलेक्टर म्हणतं, कुणी थेट रावबहादूर, आणि आता कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघतेय म्हटल्यावर पुरावा पाहिजे. "अगं, तुला कॉम्प्युटर कळतो ना, मग बघ की जरा." झालं. बसले मी स्कॅन उघडून.

गॅझेट निघायचं दर गुरुवारी. पानंच्या पानं बारीक टाईप, शाई पसरलेली, आणि मजकूर काय तर अमुक साहेब फर्लोवर, म्हणजे लांबच्या रजेवर, विलायतेला चालले, सबब त्यांच्या जागी तमुक साहेब अ‍ॅक्टिंग कलेक्टर, तमुक साहेबांच्या जागी ढमुक साहेब अ‍ॅक्टिंग असिस्टंट कलेक्टर, मग सहा महिन्यांनी पहिले साहेब बोटीतून उतरले की सगळे आपापल्या जुन्या खुर्चीत परत, आणि तेही सगळं पुन्हा छापायचं. एक गोरा माणूस सुट्टीवर गेला की अर्धा इलाखा एकेक खुर्ची सरकायचा. आमच्या पणजोबांची खुर्ची मात्र कुठेच हलेना. त्यात आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग ज्याला जसं सुचेल तसं, त्यामुळे सर्च मारून उपयोग शून्य, डोळ्यांनीच चाळायचं.

मग कंटाळून मी लंडन गॅझेटात, म्हणजे खुद्द ब्रिटिश सरकारच्या गॅझेटात घुसले (ते 1665 पासून चालू आहे, आणि फुकट वाचायला मिळतं, घरात सांगू नका). तिथे वेगळीच करमणूक. 1870 च्या कायद्यानुसार एखाद्या देशाशी गुन्हेगार परत देण्याघेण्याचा करार झाला की राणीसरकारचा हुकूम काढून तो लंडन गॅझेटात छापावाच लागायचा, आणि कायदा वसाहतींनाही लागू. म्हणजे 1891 मध्ये मोनॅकोशी करार झाला, तर त्या एवढ्याशा संस्थानातला अफरातफर करणारा कॅशियर पळून वाईच्या घाटावर येऊन बसला तर त्याला धरून परत द्यायची जबाबदारी सरकारवर आली! त्या कायद्याच्या यादीत भर समुद्रात जहाज बुडवणे आणि कप्तानाविरुद्ध बंड करणे हेही गुन्हे आहेत. वाईकरांनी कृष्णेत होडीसुद्धा जपून चालवली असणार.

पण खरा कळस गोव्याचा. 26 डिसेंबर 1878 ला लिस्बनमध्ये इंग्रज-पोर्तुगीजांनी करार केला. जकातीची सरहद्द काढून टाकली, मुरगावचं बंदर आणि रेल्वे होणार ठरलं, आणि गोव्याच्या मिठावर इंग्रजांचा ताबा. बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला 4 लाख रुपये. 1880 मध्ये अंमल सुरू. आता मला सांगा, मिठागरात गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या माणसाला हे कळणार कसं? पणजीचं सरकारी बुलेटिन पोर्तुगीजमध्ये, मुंबईचं गॅझेट बहुतेक इंग्रजीत. पण सरकारच्या लेखी विषय संपला, छापलंय ना, मग सगळ्यांना माहीत. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पाणी बंदची नोटीस मीटर रूमच्या दाराआतून लावतात, त्यांचे गुरू कोण ते मला तेव्हा समजलं. 1892 मध्ये तो करार संपलासुद्धा. तेही छापूनच कळवलं असेल म्हणा.

असो, पणजोबा. एका गुरुवारच्या अंकात शेवटी आमचं आडनाव सापडलं, आद्याक्षरं जवळपास तीच, हुद्दा शाईत गेलेला, आणि बातमी काय, तर एक महिन्याची प्रिव्हिलेज लीव्ह मंजूर. मी प्रिंट काढून ठेवली टेबलावर.

सासूबाई खूश. "रजा मंजूर झाली म्हणजे नोकरी होतीच ना!"

सासरे चष्मा लावून म्हणाले, "हे आजोबा नव्हेतच. आजोबांनी जन्मात रजा घेतली नाही."

"मग आजीच्या बाळंतपणाला कोण गेलं होतं चिपळूणला?"

इथून पुढे जे झालं ते कुलवृत्तांतात जाणार नाहीये. तेवढ्यात मडगावहून नणंदेचा फोन, तिच्या आजेसासऱ्यांची नेमणूक म्हणे पणजीच्या बुलेटिनात आलेली, "वहिनी, तू आता एक्स्पर्ट झालीस, जरा बघशील का? पोर्तुगीज काय, गुगलवर होतं की ट्रान्सलेट." मी तिला सांगितलंय, मी सध्या फर्लोवर आहे, माझ्या जागी तुझा भाऊ अ‍ॅक्टिंग.