आवाज खंय गेलो?

फुकटचा, म्हणजे चोरटा, सिनेमा बघायला सगळ्यात जास्त कष्ट कुठे पडत असतील तर कोकणात, तेही गणपतीत. घरात पंचवीस माणसं, टीव्ही एक, बाहेर पाऊस कोसळतोय आणि मुंबईहून आलेल्या चाकरमान्याच्या खिशात पेनड्राइव्ह. "काकी, नवीन पिक्चर आणलाय, फॅमिलीवाला!" इथून माझा छळ सुरू, कारण वायरींमधलं मला कळतं अशी घरात जुनी अफवा आहे.

फॅट-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल चढत नाही, म्हणून त्याने तो एक्सफॅट या नव्या पद्धतीचा करून आणलेला असतो. आमचा जुना टीव्ही एक्सफॅटला ओळखच देत नाही. एनटीएफएस ही तिसरी पद्धत बऱ्याच टीव्हींना चालते, पण त्यासाठी फॉरमॅट मारायचं तर आत काकांच्या साठीचे फोटो. ते लॅपटॉपवर उतरवा, फॉरमॅट करा, सिनेमा परत चढवा. एवढं झाल्यावर चित्र दिसतं आणि ओटीवरून आजी विचारते, "आवाज खंय गेलो?"

आवाज डीटीएस नावाच्या फॉरमॅटमध्ये असतो आणि टीव्हीत तो उलगडायची सोय नसते. चित्र तसंच ठेवून फक्त आवाज एएसी या टीव्हीला कळणाऱ्या फॉरमॅटमध्ये करून घ्यायचा, किंवा लॅपटॉपच एचडीएमआयने जोडायचा. वायर दीड मीटरची, म्हणून लॅपटॉप मखराशेजारी समईला टेकतो.

पण ही झाली चांगली प्रत. थिएटरात चोरून शूट केलेली असेल तर या भानगडी नाहीत, दुसऱ्या आहेत. कॅमेरा कोपऱ्यातून धरलेला, त्यामुळे पडदा एका बाजूला निमुळता. विनोदावर थिएटर हसतं, त्यात पुढचा संवाद बुडतो. आई मुलीची पाठवणी करत असते आणि तिच्या कपाळावरून सट्ट्याच्या ॲपची जाहिरात सरकते. शिवाय डिजिटल प्रिंटमध्ये न दिसणारी खूण असते; प्रत कुठल्या थिएटरात, कुठल्या खेळाला शूट झाली ते त्यावरून कळतं. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर अशा शूटिंगला कमीत कमी ३ महिने कैद आणि ३ लाख दंड आहे. चाकरमान्याला हे सांगितलं की तो मोदक उचलतो.

१९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला तेव्हा राजश्रीवाल्यांनी व्हिडिओचे हक्क अडवून धरले आणि माणसं पुन्हा थिएटरकडे वळवली. रेणुका शहाणे, रीमा, लक्ष्मीकांत बेर्डे: अर्धं घर आपलंच! चोरटी कॅसेट निघाली तरी हिशोब जमत नव्हता. साधी कॅसेट १८० मिनिटांची, सिनेमा सव्वातीन तासांच्या वर, त्यात १४ गाणी. गाणी कापली तर बायका चिडणार. नाही कापली तर टफी कुत्रा निशाची चिठ्ठी घेऊन पोचायच्या आतच पडद्यावर मुंग्या, आणि नायिका निशाचं लग्न बहिणीच्या नवऱ्याशी, राजेशशीच ठरलेलं राहणार. माझ्या मते चोरीला इतकी चोख शिक्षा कुठल्याच कायद्याने दिलेली नाही.

आता लांबीची अडचण नाही. वीज मात्र आहे. आवाज बदलायला बसलं की नव्वद टक्क्यांवर लाइट जाते आणि लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच देवाघरी गेलेली असते. काकी विचारते, "रे, मगे शेवट काय होता?" चाकरमान्याने तो स्वतःही पाहिलेला नसतो. तेवढ्यात अंगणात भजनी मंडळी येतात, पखवाज लावतात. त्यांचा आवाज पलीकडच्या वाडीत पोचतो.