पर्समधलं रिव्हॉल्व्हर आणि कलम २३३

भाचीला बंगळुरूला नोकरी लागली, आणि तिची बॅग भरून व्हायच्या आत ताईने मला एक फॉरवर्ड पाठवला. सोबत प्रश्न: "हे घेऊन देऊ या का तिला? तू शूटिंग रेंजवर जातेस, तुला कळतं." फॉरवर्डचं शीर्षक होतं "प्रत्येक मुलीच्या पर्समध्ये निर्भीक". मजकूर थोडक्यात असा: सरकारने कानपूरला खास महिलांसाठी अर्ध्या किलोचं 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर बनवलंय. महिलांना ते नुसत्या आधार कार्डावर मिळतं. लहान आहे म्हणून चालवायला सोपं. रिव्हॉल्व्हर चुकून कधीच सुटत नाही. ५० मीटरवरचा माणूस टिपतं. नव्या कलम २३३ प्रमाणे बलात्काऱ्याला ठार केलं तर खटलाच होत नाही. किंमत फक्त ३५ हजार. अशा गोष्टी मी एरवी न वाचता पुसून टाकते. पण हा आमच्या घरात खरेदीच्या यादीपर्यंत पोचला, म्हणून लिहितेय.

आधी ते कलम, कारण सगळ्यात जीवघेणी थाप तीच आहे. भारतीय दंड संहितेचं कलम २३३ होतं खोटी नाणी पाडण्याची साधनं बनवण्याबद्दल आणि विकण्याबद्दल. १ जुलै २०२४ पासून ती संहिताच गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. तिच्यातलं २३३ आहे खोटा पुरावा खरा म्हणून वापरण्याबद्दल. म्हणजे जुनं घ्या नाहीतर नवं, मुलींच्या संरक्षणाशी या आकड्याचा काडीचा संबंध नाही.

यातलं अर्धसत्य मान्य करते. बलात्काराच्या हेतूने हल्ला झाला तर हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत प्रतिकार करण्याचा हक्क कायद्यात आहे. मात्र त्यात नवं काही नाही. १८६० च्या संहितेत तो कलम १०० मध्ये होता, आता ३८ मध्ये आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने त्याच्या शेजारचं कलम ३७ गाळलं: बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. आणि हा हक्क टिकतो धोका टिकेल तोवर. माणूस पाठ फिरवून पळत सुटला की मागून गोळी घालणं हा बचाव राहत नाही. "खटलाच होत नाही" ही तर शुद्ध लबाडी. गुन्हा नोंदवला जातो, शस्त्र जप्त होतं, आणि बचावासाठीच गोळी झाडली हे झाडणारीला दाखवावं लागतं. तेवीस वर्षांच्या पोरीला कलम २३३ च्या भरवशावर हातात भरलेलं शस्त्र द्यायचं?

आधार कार्डाचं दोन ओळींत उरकते. शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि त्यात स्त्री-पुरुष असा भेद नाही. वय २१ पूर्ण हवं, अर्ज हवा, पोलिस पडताळणी हवी आणि खरी गरज दाखवावी लागते. शहरात पोलिस आयुक्त आणि इतरत्र जिल्हाधिकारी परवाना देतात किंवा नाकारतात. विनापरवाना सापडलात तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद.

आता पर्स. शस्त्र नियम २०१६ मधला नियम ३२ सांगतो की सार्वजनिक जागी नेलेलं शस्त्र पूर्ण झाकलेलं हवं आणि नेणाऱ्याचा त्यावर प्रत्यक्ष ताबा हवा. सगळा मुद्दा या "ताबा" शब्दापाशी आहे. पर्स आपण खुर्चीला अडकवतो, लोकलच्या रॅकवर ठेवतो, ऑफिसात टेबलाखाली सारतो, सुट्टे पैसे काढायला मैत्रिणीच्या हातात देतो. ती चोरली जाते, आणि मुलं तर हमखास तिच्यात हात घालतात. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, हेडन गावच्या वॉलमार्टमध्ये, ३० डिसेंबर २०१४ ला दोन वर्षांच्या मुलाने ट्रॉलीत बसल्या बसल्या आईच्या पर्समधलं शस्त्र काढलं आणि गोळी सुटली. आई जागीच गेली. तिच्याकडे परवाना होता, आणि पर्सला शस्त्रासाठी वेगळा कप्पाही होता. ते पिस्तूल होतं, रिव्हॉल्व्हर नव्हे, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. पर्स तर तीच ना?

आणि समजा हल्ला झालाच. चेन उघडा, चार्जर बाजूला करा, पाकीट बाजूला करा, मूठ शोधा. तोवर समोरचा तुमच्या मनगटाला धरून असतो.

लहान म्हणजे सोपं, हा समज माझ्या रेंजवरही नव्याने आलेल्यांच्या तोंडी असतो. प्रत्यक्षात उलटं आहे. तीच गोळी हलक्या शस्त्रातून झाडली की हाताला धक्का जास्त बसतो. नळी आखूड म्हणजे नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांतलं अंतर कमी, त्यामुळे हात केसभर हलला तरी नेम हातभर चुकतो. घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा खटका, आधी न चढवता नुसता बोटाखालचा चाप ओढून झाडायचं तर तो चाप चांगलाच जड लागतो. तो ओढताना नवख्याची नळी खाली झुकते. सरावलेल्या माणसासाठी लहान रिव्हॉल्व्हर ठीक आहे. अमेरिकेत पोलिस दुसरं शस्त्र म्हणून ते घोट्याला बांधत आले, पण त्यांचं पहिलं शस्त्र कमरेला असायचं आणि सराव नोकरीचा भाग होता. ज्या .३८ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या आतली रुंदी) व्हिडिओ बघून आपल्याकडे सल्ले दिले जातात, तो बोअर आपल्याकडे सामान्य माणसाला मिळतही नाही. आपल्या वाट्याला येतं ते बहुतेक .३२.

रिव्हॉल्व्हरच्या बाजूने एक गोष्ट नाइलाजाने बोलते. यंत्र साधं आहे. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, काडतुसांचं फिरतं सिलिंडर पुढचं काडतूस समोर आणतं. पिस्तुलासारखी स्लाइड (वरचा सरकता भाग) मागेपुढे करत बसावं लागत नाही. पण म्हणून "चुकून कधीच सुटत नाही"? १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेता गोविंदाला जुहूच्या घरी स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायात लागली. कपाटात ठेवताना हातातून पडलं, असं त्याच्या मॅनेजरने सांगितलं. जुन्या धाटणीच्या ज्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट काडतुसावर टेकतो, त्यांत घोड्याखालचं काडतुसाचं घर रिकामं ठेवायची पद्धत होती, ती याच भीतीने. फॉरवर्डात याचा उल्लेख नाही, कारण लिहिणाऱ्याला घोडा म्हणजे काय हेच ठाऊक नसावं.

५० मीटर? निर्भीकचा पल्ला सांगितला गेला तो ५० फूट, म्हणजे साधारण १५ मीटर. ५० मीटरचा दावा २०२३ मध्ये आलेल्या 'प्रबल' या जास्त वजनाच्या रिव्हॉल्व्हरचा. कुणीतरी दोन्ही जाहिराती एकत्र कालवल्यात. आणि ५० मीटरवर उभा असलेला माणूस तुमच्यावर हात टाकत नसतो. तेवढं अंतर असेल तर पळा!

यापेक्षा मला जास्त खटकतं ते हल्लेखोराचं चित्र: अंधारी गल्ली, अनोळखी माणूस. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं दाखवतात की बलात्काराच्या दहापैकी नऊहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, वरिष्ठ. त्याच्यासमोर पर्स कोपऱ्यात पडलेली असते, कारण तिथे ती जवळ ठेवायची गरज कुणालाच वाटलेली नसते.

राहिली किंमत. जानेवारी २०१४ मध्ये निर्भीक आलं तेव्हाच ते सव्वा लाखाच्या आसपास होतं. पस्तीस हजारांच्या घरातलं 'निडर' नावाचं .२२ बोअरचं वेगळं रिव्हॉल्व्हर नंतर आलं. गोळ्यांचा खर्च निराळा, आणि त्या किती घेता येतील याची मर्यादा परवान्यावर लिहिलेली असते.